ग्रीकांचे वयात येण्याचे विधी आणि आपली मुंज: मूळ एकच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मुलंमुली वयात येताना काही विधी होत. अथेन्सचे तरुण देवांच्या साक्षीने शपथ घेत, स्पार्टात निवडक तरुणांना रानात लपूनछपून राहावं लागे, ब्राउरॉनच्या देवळात लहान मुली आर्टेमिस देवीसाठी 'अस्वलं' होत. हे सगळं इंडो-युरोपीय काळापासून, म्हणजे संस्कृत, ग्रीक वगैरे भाषांच्या समान पूर्वजांपासून, चालत आलंय असं प्रश्नकर्त्याच्या वाचनात आलं आणि त्याला आपली मुंज आठवली. दोन्हींचं मूळ एकच का? असेल तर विद्वान अजून भांडतात कशावरून?

उत्तर आधी देतो. मुंज आणि हे ग्रीक विधी एकाच मुळाच्या फांद्या आहेत असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'ग्रीक विधींचं मूळ' असं सरसकट विचारलं की तिथेच घोळ सुरू होतो. प्रत्येक विधीचा इतिहास वेगळा आहे. काहींचा फार जुना आहे, काहींचा चांगलाच उशिराचा, आणि जो विधी रानटी वाटतो म्हणून आपण सर्वांत जुना धरतो, तोच पुष्कळदा नंतर घडवलेला निघतो. मी प्राचीन इतिहास शिकवतो आणि माझं बरंचसं काम शिलालेखांवर आहे, त्यामुळे दगडावर काय कोरलंय ते आधी बघायचं, ही माझी सवय. या वादात ती फार कामाला येते.

वाद आजचा नाही, खुद्द ग्रीकांनीच तो सुरू केला. हेरोडोटस लिहितो की स्पार्टाचे कायदे घालून देणाऱ्या लायकर्गसने आपली व्यवस्था क्रीट बेटावरून आणली, असं स्पार्टाचेच लोक सांगतात. अ‍ॅरिस्टॉटलचं मतही क्रीटच्याच बाजूने आहे. एफोरस या इतिहासकाराने क्रीट आणि स्पार्टा यांच्यातली साम्यं मांडली. मग इ.स.पू. दुसऱ्या शतकात पॉलिबियस या इतिहासकाराने एफोरससारख्या लेखकांना धारेवर धरलं. जमिनीची मालकी वेगळी, पैशाबद्दलची वृत्ती वेगळी, अधिकारपदांची रीत वेगळी. मग या दोन व्यवस्था सारख्या कशा, हा त्याचा मुद्दा. साम्य दिसलं की लगेच 'याने त्याच्याकडून घेतलं' असं म्हणायचं नाही, हे त्याला तेव्हा कळलं होतं. विसाव्या शतकातल्या पुष्कळांना ते कळलं नाही.

आधुनिक चर्चेची सुरुवात मी 1724 पासून धरतो. लाफितो नावाचा जेझुइट धर्मप्रसारक कॅनडात इरोक्वॉय लोकांमध्ये राहून आला होता. त्याने त्यांच्या चालीरीती आणि ग्रीकांच्या चालीरीती शेजारी-शेजारी ठेवल्या. शंभर वर्षांनी, 1824 मध्ये, कार्ल ओटफ्रीड म्युलरने डोरियन ग्रीकांवरचा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते स्पार्टा आणि क्रीट सारखे दिसतात, कारण दोन्हीकडे डोरियन वंशाचे लोक. एकाने साम्याचं कारण मानवी समाजाच्या घडणीत शोधलं, दुसऱ्याने वंशात. पुढची दोनशे वर्षं ही चर्चा याच दोन टोकांमध्ये झुलत राहिली.

1909 मध्ये आर्नोल्ड वान जेनेपने संक्रमणविधींचा आराखडा मांडला. आधी माणसाला जुन्या जागेवरून वेगळं काढायचं, मग काही काळ उंबरठ्यावर ठेवायचं, मग नव्या दर्जाने परत समाजात घ्यायचं. हा आराखडा जन्म, लग्न, प्रवास, मृत्यू, सगळ्याला लागू पडतो. पण त्याने सांगितली ती विधीची रचना. ती कुठून आली हा त्याचा विषय नव्हता. ग्रीक अभ्यासकांनी हा आराखडा उचलला आणि नकळत त्याचा वंशावळीसारखा वापर सुरू केला. ग्रीक कथेत किंवा उत्सवात हे तीन टप्पे सापडले की 'हा टोळीच्या काळातल्या दीक्षाविधीचा अवशेष' असा शिक्का. माझ्या मते सगळ्या गोंधळाची गाठ इथेच आहे. तीन टप्पे असणं हे जुनेपणाचं लक्षण नाही. आजच्या लष्करी भरतीतही ते तीन टप्पे दिसतात.

ग्रीक धर्माच्या ब्रिटिश अभ्यासक जेन हॅरिसनचं उदाहरण घ्या. क्रीटच्या पूर्व टोकाला पालाइकास्त्रो इथे 1904 मध्ये एका दगडी फळीचे तुकडे सापडले. दोन्ही बाजूंना एक स्तोत्र कोरलेलं. अक्षरं इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली, मजकूर त्याच्याहून पाच-सहाशे वर्षं जुना. स्तोत्रात 'सर्वांत महान तरुणा'ला, म्हणजे झ्यूसला, डिक्टे इथे ये असं बोलावलंय आणि उडी मार म्हटलंय: आमच्या रांजणांसाठी, लोकरीच्या कळपांसाठी, पिकाच्या शेतांसाठी, शहरांसाठी, समुद्रावरच्या जहाजांसाठी, नव्या नागरिकांसाठी. हॅरिसनने 1912 मध्ये यावरून मोठी इमारत उभारली. बाळ झ्यूसभोवती ढाली आपटत नाचणारे कुरेट म्हणजे दीक्षा घेतलेले टोळीतले तरुण, आणि हे स्तोत्र म्हणजे त्या आदिम दीक्षेची आठवण, असं तिचं म्हणणं. बाईंची प्रतिभा मोठी होती, ग्रीक धर्म हा आधी कृतीचा धर्म आहे हे त्यांनी अख्ख्या पिढीला शिकवलं, आणि त्यासाठी त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दगड परत वाचा. जहाजं आहेत, शहरं आहेत, 'नवे नागरिक' आहेत. ही नागरिक कोण आणि परका कोण हे ठरवून बसलेल्या समाजाची प्रार्थना आहे. टोळी त्यात शोधायची तर ती आपल्याला बाहेरून घालावी लागते.

हॅरिसननंतर आंरी जानमेर, पुढे रोममध्ये अँजेलो ब्रेलिक. जानमेरने 1913 मध्ये स्पार्टाच्या क्रिप्तेइयाची, म्हणजे तरुणांनी रानात लपून राहण्याच्या त्या रीतीची, तुलना आफ्रिकेतल्या तरुणांच्या दीक्षांशी केली आणि 1939 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ब्रेलिकचा ग्रंथ 1969 चा. दोघांचा सूर साधारण एकच: आधी टोळी होती, टोळीत सगळ्यांना दीक्षा होती, नगरराज्य आल्यावर तिचे तुकडे झाले आणि ते वेगवेगळ्या उत्सवांत आणि पुराणकथांत अडकून राहिले. हे ऐकायला पटतं. अडचण एवढीच की ती मूळ, अखंड दीक्षा कुणी पाहिलेली नाही. तुकड्यांवरून मूर्ती कल्पायची आणि मग त्या मूर्तीवरून तुकडे ओळखायचे, असं हे चक्र आहे.

सर्वांत बुद्धिमान मांडणी 1968 मध्ये पिएर विदाल-नाके यांनी केली. त्यांनी मुलांना भाऊबंदांच्या मंडळात दाखल करण्याच्या अपातूरिया उत्सवाची कथा घेतली. अथेन्स आणि बिओशिया यांच्या सीमेवरच्या जमिनीचा वाद. बिओशियाचा राजा झान्थोस, म्हणजे गोरा-पिंगट. अथेन्सकडून मेलान्थोस, म्हणजे काळा. द्वंद्वात मेलान्थोस ओरडतो, तुझ्या मागे कुणीतरी उभा आहे. झान्थोस वळून बघतो आणि मारला जातो. विदाल-नाके विचारतात, प्रामाणिक समोरासमोरची लढाई हा आदर्श असलेल्या शहरात तरुणांच्या उत्सवाची कथा फसवणुकीची का? त्यांचं उत्तर असं की सीमेवरचा तरुण हा पूर्ण वाढलेल्या योद्ध्याची उलटी प्रतिमा असतो: तो एकटा, रात्रीचा, कपटी, काळा. मग दिवसाउजेडी रांगेत उभा राहणारा नागरिक होतो. स्पार्टाची क्रिप्तेइया याच साच्यात बसवली की चपखल बसते. प्लेटोच्या संवादात एक स्पार्टन तिचं वर्णन करतो: हिवाळ्यात अनवाणी, अंथरूण नाही, नोकर नाही, रात्रंदिवस मुलुखभर भटकणं.

हा लेख मी विद्यार्थ्यांना आजही वाचायला लावतो. पण त्यातल्या काळ्या रंगाचा धागा उलगडून बघायला सांगतो. अथेन्सचे तरुण काळा झगा घालत याची ठळक साक्ष फिलोस्ट्राटस या ग्रीक लेखकाची आहे. तो सांगतो की तोपर्यंत काळे झगे होते, ते हेरोडीस अ‍ॅटिकस या धनाढ्य गृहस्थाने बदलून पांढरे करून दिले. हे इसवी सनाचं दुसरं शतक, रोमन साम्राज्याचा काळ. शिवाय काळा का, याचं कारणही तो देतो: हेराक्लीसच्या मुलांना वेदीवरून ओढणाऱ्या दूताला अथेन्सवाल्यांनी मारलं होतं, त्याचं सुतक म्हणून. म्हणजे साक्षीदार सुतक म्हणतोय आणि आपण त्यातून सहा-सातशे वर्षं मागे जाऊन 'काळा शिकारी' काढतोय. विदाल-नाके चुकले असं मी म्हणत नाही. अथेन्सचा समाज तरुणांबद्दल कसा विचार करत असे, हे ते सुंदर दाखवतात. फक्त त्यातून उगम सिद्ध होत नाही.

आता ऑर्थिया. या एका जागेने मुळाबद्दलचं माझं मत सर्वांत जास्त घडवलं.

स्पार्टात युरोटास नदीकाठी आर्टेमिस ऑर्थियाचं देऊळ होतं. ब्रिटिश उत्खननकारांनी ते 1906 ते 1910 या काळात खणलं. झेनोफन, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकातला साक्षीदार, सांगतो की मुलांनी वेदीवरून जमेल तितकं चीज पळवायचं आणि दुसऱ्यांनी त्यांना चाबकाने मारायचं. हा खेळच आहे, चपळाईचा आणि धिटाईचा. रोमन काळात येऊन बघा. चीज गायब. मुलं वेदीपाशी उभी राहून निव्वळ फटके खातात, कोण जास्त सहन करतो याची चढाओढ, आणि प्लुटार्क म्हणतो की यात मुलं मरताना आपण पाहिली आहेत. पॉसानियसच्या वर्णनात पुजारीण देवीची लहानशी लाकडी मूर्ती हातात धरून बाजूला उभी असते. एखाद्या मुलाचं रूप किंवा घराणं पाहून मारणाऱ्याने हात आखडता घेतला की मूर्ती जड होते आणि पुजारीण ओरडते, तुमच्यामुळे मला भार होतोय. पॉसानियस पुढे सांगतो की पूर्वी इथे नरबळी होता, लायकर्गसने त्याच्या जागी फटके आणले.

वाचणाऱ्याला वाटतं, अहाहा, केवढं आदिम! विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अभ्यासकांनाही तसंच वाटलं. पण मधली पानं उलटली की चित्र बदलतं. स्पार्टाचं जुनं मुलांचं शिक्षण मोडकळीला आलं होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तिसऱ्या क्लिओमेनीस राजाने ते पुन्हा उभं केलं, त्यात स्फाइरोस या स्टोइक तत्त्वज्ञाची मदत घेतली. इ.स.पू. 188 मध्ये स्पार्टाच्या विरोधातल्या अकाइयन संघाचा सेनापती फिलोपोइमेन याने ते बंद पाडलं. रोमनांच्या अमलाखाली ते परत सुरू झालं. 1995 मध्ये नायजेल केनेल यांनी हे टप्पे वेगळे करून दाखवले आणि मग कळलं की रोमन काळातली स्पार्टा आपला जुनेपणा जपत नव्हती, तयार करत होती. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात वेदीसमोर प्रेक्षकांसाठी अर्धवर्तुळाकार दगडी आसनं बांधली गेली. लोक लांबून हे बघायला येत. ज्याला आपण हजारो वर्षांचा अवशेष समजत होतो, तो पर्यटकांसमोरचा देखावा होता. मुलांचं रक्त मात्र खरं होतं, आणि म्हणूनच 'मूळ' शोधण्याच्या नादात त्या काळातल्या त्या मुलांकडे दुर्लक्ष होऊ नये असं मला फार वाटतं.

अथेन्सच्या एफेबी संस्थेचंही, म्हणजे तरुणांच्या लष्करी सेवेचंही, थोडंफार असंच. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरच्या 'अथेन्सच्या राज्यघटने'त तिचं वर्णन आहे: अठराव्या वर्षी गावाच्या यादीत नाव, दोन वर्षं सेवा, पहिल्या वर्षी पिरेअसला पहारा, मग नाट्यगृहात लोकांपुढे कवायत, शहराकडून ढाल आणि भाला, दुसऱ्या वर्षी सीमेवर गस्त. व्हिलामोव्हित्झ या जर्मन विद्वानाने 1893 मध्येच म्हटलं होतं की ही मॅसिडोनियाकडून कैरोनियाला झालेल्या पराभवानंतरची, म्हणजे इ.स.पू. 338 नंतरची, सरकारी योजना आहे. एफेबींचे निश्चित शिलालेख खरोखरच इ.स.पू. 330 च्या दशकापासून मिळतात. उलट बाजूला, वक्ता इस्खिनीस सांगतो की आपण तरुणपणी दोन वर्षं सीमेवर गस्तीला होतो, आणि ते त्याच्या बरंच आधीचं. शपथेचा मजकूरही जुन्या वळणाचा आहे. अखार्ने गावचा तो दगड 1932 मध्ये मिळाला. साक्षीला कोण कोण आहे बघा: अग्लाउरोस, हेस्तिया, एन्यो, एन्यालिओस, आरेस, अथीना, झ्यूस, थाल्लो, आउक्सो, हेगेमोने, हेराक्लीस, आणि शेवटी देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह, अंजीर. चौथ्या शतकात कुणी सरकारी मसुदा लिहायला बसला असता तर थाल्लो आणि आउक्सो या कोंब-वाढीच्या देवता त्याला सुचल्या नसत्या असं मला वाटतं. म्हणजे शपथ जुनी, तिच्याभोवतीची संस्था नवी. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि बऱ्याचदा असतं.

मग खरोखर जुनं काही आहे का? आहे. पण ते फार सनसनाटी नाही, म्हणून त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं.

अपातूरिया हा तीन दिवसांचा उत्सव. तिसऱ्या दिवशी मुलाला भाऊबंदांच्या मंडळात, फ्रात्रीत, दाखल करत, केस कापून वाहत, बळी देत. हेरोडोटस सांगतो की हा उत्सव एफेसस आणि कोलोफोन सोडले तर सगळे आयोनियन (ग्रीकांची एक शाखा, अथेन्सवालेही त्यातलेच) साजरा करतात, एजियन समुद्राच्या दोन्ही काठांवर. दोन्हीकडच्या लोकांनी तो नंतर एकमेकांकडून घेतला असेल, असं म्हणायला जागा कमी आहे. आयोनियन लोक आशिया मायनरला गेले त्याच्या आधीपासून तो असावा, म्हणजे साधारण इ.स.पू. 1000 च्या आगेमागे. ग्रीक विधींच्या जुनेपणाबद्दलचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद, कारण तो साम्याच्या भासावर उभा नाही, लोकांच्या स्थलांतरावर आणि एकाच नावाच्या उत्सवावर उभा आहे.

आणि हा विधी प्रत्यक्षात कसा दिसत होता? अथेन्सच्या मुलुखातल्या देकेलेया इथल्या एका फ्रात्रीचा ठराव दगडावर आहे, इ.स.पू. 396/5 चा. पहिलीच कलमं पुजाऱ्याच्या हक्काची. लहानपणच्या बळीतून त्याला एक मांडी, एक बरगडी, एक कान आणि तीन ओबोल (छोटी नाणी). केस कापण्याच्या वेळच्या बळीतून मांडी, बरगडी, कान, ठरावीक मापाची पोळी, थोडी वाईन आणि एक द्राख्मा. मग पुढे साक्षीदार, वेदीवरून उचललेल्या मतदानाच्या गोट्या, खोटा मुलगा घुसवला तर दंड. इथे गूढ मृत्यू-पुनर्जन्म वगैरे काही नाही. हा मुलगा औरस आहे का, आपल्यातला आहे का, जमिनीचा आणि मताचा वाटेकरी होणार का, हा प्रश्न आहे. पेलोपोनीशियन युद्धात स्पार्टाच्या सैन्याचा तळ याच देकेलेयात कित्येक वर्षं होता. त्या विस्कटलेल्या काळानंतर कोण कुणाचा याची फेरतपासणी त्यांना करावी लागली. विधी जुना, पण दगडावर यायचं कारण ताजं.

मुलींच्या बाबतीत ब्राउरॉन. अरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. 411 च्या नाटकात बायका अभिमानाने सांगतात की आम्ही केशरी वस्त्रातली अस्वलं झालो होतो. पापादिमित्रिऊ यांनी 1948 पासून ती जागा खणली. लिली काहिल यांनी तिथली छोटी मातीची भांडी अभ्यासली, ज्यांवर वेदी, खजुराचं झाड आणि धावणाऱ्या मुली आहेत. कथा अशी: माणसाळलेल्या अस्वलाने एका मुलीला ओरबाडलं, भावांनी ते मारलं, देवी कोपली, साथ आली, म्हणून मुलींनी लग्नाआधी अस्वल व्हायचं. त्या नाटकावर भाष्य लिहिणाऱ्या जुन्या लेखकांच्या मते वय पाच ते दहा. क्रिस्तियान सूरविनू-इनवूड यांना यात बालपणातला रानटीपणा उतरवून टाकण्याचा विधी दिसतो. ख्रिस्तोफर फराओने यांनी 2003 मध्ये विचारलं की ही दीक्षा कशाला, हा रागावलेल्या देवीला शांत करण्याचा विधी का नाही? आर्टेमिसच्याच म्युनिखिया इथल्या देवळाची कथा त्यांच्या बाजूने बोलते. तिथे एम्बारोस मुलीचा बळी कबूल करतो, तिला गाभाऱ्यात लपवतो आणि तिचे कपडे घातलेली बकरी देतो. मला फराओने यांचं म्हणणं अधिक पटतं. दहा वर्षांची मुलगी विधी संपला तरी लग्नाची होत नव्हती, मग तिला 'वयात आणणारा' विधी कसा म्हणायचा? ग्रीक आई-बापांना आर्टेमिसची जी भीती वाटत असे, बाळंतपणात बायका दगावत असताना ती अगदी खरी भीती होती. तिचं समाधान मुलगी लहान असतानाच करून ठेवणं यात मला पूर्ण अर्थ दिसतो.

क्रीटची बाजूही सांगायला हवी. एफोरसने (स्ट्रेबोमुळे त्याचा मजकूर वाचला) तिथल्या एका रूढीचं वर्णन केलंय. प्रतिष्ठित पुरुष आधी सूचना देऊन एका कुमाराचं ठरवून हरण करतो, दोन महिने रानात शिकार-मेजवान्या होतात, परतताना त्याला योद्ध्याचा पोशाख, एक बैल आणि एक पेला भेट मिळतो, बैल झ्यूसला बळी जातो. म्युलरच्या वाटेने जाणारे याला डोरियन म्हणाले, यान ब्रेमर आणि बर्नार सर्जां 1980 च्या दशकात इंडो-युरोपीय म्हणाले. 1986 मध्ये रॉबर्ट कोल यांनी वेगळीच दिशा दाखवली. क्रीटमध्येच हागिया त्रियादा इथे मिळालेल्या, मिनोअन (ग्रीकांच्या आधीच्या क्रीटमधल्या) काळातल्या दगडी पेल्यावर दोन तरुण समोरासमोर आहेत, त्यातला एक अधिकारी दिसतो. कोल यांना तिथे याच विधीचं रूप दिसलं. कातो सिमे इथल्या हर्मीस आणि अफ्रोडायटीच्या देवस्थानात तर पूजा मिनोअन काळापासून रोमन काळापर्यंत सलग चालली, आणि तिथल्या इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातल्या काशाच्या पत्र्यांवर रानबकरे नेणारे तरुण आहेत. जागा सलग, यात शंका नाही. विधीही सलग होता का, हे जागेवरून ठरत नाही. पण एक लक्षात घ्या: कोल बरोबर असतील तर मूळ ग्रीक नाही, आणि ते इंडो-युरोपीय आहे असंही म्हणता येत नाही, कारण मिनोअन लोकांची भाषाच आपल्याला अजून वाचता आलेली नाही.

आता इंडो-युरोपीय मांडणी, आणि तिच्यातून मुंज. इथे इतिहासाची एक बाजू झाकून चालणार नाही. तरुण योद्ध्यांच्या टोळ्या ही कल्पना 1902 मध्ये हाइन्रिख शुर्ट्झने मांडली होती, पण तिला 'आर्य' वारशाचं रूप आलं ते 1930 च्या दशकात. ओटो हॉफलरचा जर्मन गुप्त मंडळांवरचा ग्रंथ 1934 चा, स्टिग विकांडरचा आर्य तरुणसंघांवरचा 1938 चा. हॉफलर नाझी वर्तुळातला माणूस होता. त्यामुळे सिद्धान्त आपोआप खोटा ठरत नाही, पण अनोळखी पुराव्यात योद्धे दिसायची घाई कशामुळे होती ते कळतं. अलीकडे डेव्हिड अँथनी आणि डॉर्कस ब्राउन यांनी रशियातल्या समारा भागात क्रास्नोसमार्स्कोए इथे कांस्ययुगातली कुत्र्या-लांडग्यांची हाडं मोठ्या संख्येने शोधली आणि त्यांचा संबंध तरुणांच्या दीक्षेशी जोडला. विचार करण्याजोगं काम आहे. पण तिथून ग्रीसला आणायचं तर मधला पूल अजून बांधायचा आहे.

भारतीय बाजूने या मांडणीत नेहमी व्रात्य येतात, म्हणजे वैदिक समाजाच्या कडेला टोळीने फिरणारे लोक. पंचविंश ब्राह्मणात त्यांचा वेष आहे: फेटा, पराणी, धनुष्य, काळं वस्त्र. काळं वस्त्र वाचलं की अथेन्सच्या काळ्या झग्याची आठवण होणं साहजिक आहे. म्हणूनच तो झगा कुठल्या काळातला आणि कुठल्या कारणाचा हे वर इतकं सविस्तर सांगितलं.

मुंजीचं म्हणाल तर तिचे जवळचे नातेवाईक आपल्या घराशेजारीच आहेत. पारशांच्या नवजोतमध्ये मुलाला सद्रा आणि कुस्ती मिळते, कमरेला मंत्र म्हणून बांधायची दोरी. आपल्या गृह्यसूत्रांत मेखला आहे, ब्राह्मणाला मुंज गवताची, क्षत्रियाला धनुष्याच्या दोरीची, वैश्याला लोकरीची. वय आठ, अकरा, बारा. कमरेला पवित्र दोरी, मंत्र, गुरू किंवा पुरोहित आणि त्यातून धर्मात प्रवेश, असे बारीक तपशील एकत्र जुळतात, शिवाय भाषा आणि देवता जुळतात. म्हणून इंडो-इराणी मूळ मानायला आधार आहे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1941 मधल्या दुसऱ्या खंडात उपनयनाचा जो विस्तार केलाय, तो जरूर वाचा. कुठल्या सूत्रात काय आहे हे त्यांच्याइतकं नेटकं कुणी मांडलेलं नाही.

ग्रीकांशी ताडून पाहिलं तर असं काय जुळतं? केस कापणं. आपल्याकडे चौल (जावळ) आहे, सोळाव्या वर्षीचं गोदान, म्हणजे पहिल्यांदा दाढी करण्याचा संस्कार, आहे. त्यांच्याकडे अपातूरियाचा तिसरा दिवस. पण केस कापणं जगभर आहे. जे सगळीकडे आढळतं त्यावरून दोघांचं सख्खं नातं ठरत नाही. उलट जिथे मुंजीचा गाभा आहे तिथे ग्रीकांकडे काहीच नाही. अथर्ववेदात आचार्य ब्रह्मचाऱ्याला तीन रात्री गर्भासारखा पोटात धरतो. गुरूच्या पोटी दुसरा जन्म आणि हातात वेद. अथेन्सच्या तरुणाला गुरू नाही, ग्रंथ नाही, दुसरा जन्म नाही. त्याला मिळतं ते शहर: सीमा, गहू, जव, एक भाला आणि सभेत मत. हे दोन वेगळ्या गरजांना दिलेले दोन वेगळे प्रतिसाद आहेत.

हे मत कशाने बदलेल? मायसीनियन काळातल्या, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातल्या, मातीच्या पाट्या वाचता येतात. पिलोसच्या पाट्यांवर कामकरी बायका, त्यांची मुलं, मुली, त्यांना मिळणारं धान्य आणि अंजीर, सगळ्याची नोंद आहे. आर्टेमिससारखं एक नावही आहे. मुलगा मोठा झाल्याचा कुठलाही विधी त्यात नाही. उद्या अशी एखादी पाटी निघाली, ज्यात ठरावीक वयाच्या मुलांसाठी ठरावीक देवतेला ठरावीक बळी नोंदलाय, आणि तोच तपशील नंतरच्या ग्रीक शिलालेखात आणि वैदिक सूत्रांत, निदान दोन-तीन अनपेक्षित बारकाव्यांसह, जुळला, तर मी आनंदाने एका मुळाची भाषा बोलू लागेन. नुसता काळा रंग, रान आणि कापलेले केस यांवर मात्र नाही.